खांडस–भीमाशंकर फेरा: शिडी घाटानं वर, गणेश घाटानं खाली, आणि कधी जाऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा जणांचा गट, दोघं पन्नाशीचे, एक मुलगी बारा वर्षांची, बाकीच्यांनी लोहगड-राजमाची केलेले. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी खांडसहून शिडी घाटानं भीमाशंकरला चढायचं आणि गणेश घाटानं उतरून पुन्हा खांडसला यायचं. जंगल बघायचं, फेरा पूर्ण करायचा, धोका पत्करायचा नाही. काय काळजी घ्यावी?

ऑगस्टमध्ये या गटानं शिडी घाटाच्या वाटेला जाऊच नये. त्या रविवारी जायचं असेलच, तर गणेश घाटानं चढा आणि गणेश घाटानंच उतरा. फेऱ्याची हौस डिसेंबर-जानेवारीत भागवा. वाट तीच, पण कातळ कोरडा, ओढे आटलेले आणि धुकं सहसा सकाळी उन्हाबरोबर विरणारं. पुढे लिहिलेलं बरंचसं दोन्ही बेतांना लागू आहे. जे एकाच ऋतूचं आहे तिथं तसं म्हटलं आहे.

वाटेची रचना

कर्जतहून काशेळेमार्गे खांडस साधारण ३० किलोमीटर. गावातून डांबरी सडकेनं अर्धा-पाऊण तास चाललं की एक पूल लागतो. इथून डावीकडची वाट शिडी घाटाची. सडकेनं तसंच पुढे उजवीकडे गेलं की गणेश घाट. शिडी घाट अंतरानं कमी पण अंगावर येणारा: लोखंडी शिड्या आणि त्यांच्या मधले कातळटप्पे. गणेश घाट लांबचा, मळलेला. गणपतीच्या छोट्या देवळावरून पदरगडाच्या बाजूनं आडवा वर जाणारा. दोन्ही वाटा पदरावर, म्हणजे दोन कड्यांमधल्या आडव्या टप्प्यावर, पदरवाडीच्या आसपास एकत्र येतात. तिथून वर भीमाशंकरपर्यंत एकच वाट, दाट झाडीतली, तास-दीड तासाची उभी चढण. खांडस ते देऊळ उंचीतला फरक आठशे मीटरच्या आसपास आहे.

हे लक्षात घेतलं की बेत आखणं सोपं होतं. खरा फेरा पूल ते पदरवाडी आणि परत पूल एवढाच आहे. पदरवाडीच्या वरचा भाग म्हणजे त्याला जोडलेलं शेपूट: त्याच वाटेनं जायचं, त्याच वाटेनं यायचं. नुसता फेरा बऱ्या चालीनं, विश्रांती धरून, पाच-सहा तासांचा. शेपूट जोडलं की आणखी तीन ते साडेतीन तास. बहुतेक लोक देवळापर्यंतचा सगळा प्रवास एकच समजून निघतात आणि उशीर झाला तरी शेपूट सोडत नाहीत. मग त्याची भरपाई अंधारात गणेश घाट उतरून करावी लागते. वेळ कमी पडला तर शेपूट तोडायचं, हे घरूनच ठरवून निघा.

फेरा कुठल्या दिशेनं

शिडी घाट नेहमी चढायचा, उतरायचा नाही. फेऱ्याची दिशा ठरवताना एकच गोष्ट बघायची: सर्वांत अवघड तुकडा कुठे येतो. तो सकाळी यावा, पाय ताजे असताना यावा, चढताना यावा, आणि तिथून माघार घ्यायची वेळ आली तर मागची वाट थोडी आणि नुकतीच चाललेली असावी. शिडी घाटानं चढलं की या चारही गोष्टी जुळतात. पहिल्या शिडीपाशी कुणाचे पाय लटपटले, तर पुलापर्यंत मागे येऊन गणेश घाट धरायला वेळ शिल्लक असतो.

उलट दिशेनं गेलात, तर दुपारी, दिवसभर चालून गुडघे बोलायला लागल्यावर तुम्ही शिडीच्या वरच्या टोकाशी उभे राहता. शिडी उतरताना सर्वांत वाईट पाऊल पहिलं असतं. कातळाकडे तोंड करून, पाठ दरीकडे ठेवून, न दिसणाऱ्या पायरीवर पाय टेकवायचा असतो. ज्याला दृष्टिभय, म्हणजे उंचीवरून खाली बघायची भीती, आहे त्याला ते तिथंच कळतं. आणि तिथून माघार म्हणजे पुन्हा पदरवाडी चढून पूर्ण गणेश घाट, तोही मावळतीच्या तोंडावर. आडवळणी फेऱ्यांत माणसं अडकतात ती बहुधा अशीच. वाट काही एकाएकी अवघड होत नाही; मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा महाग झालेलं असतं.

फेऱ्याची दुसरी अडचण फारशी बोलली जात नाही. आल्या वाटेनं परतताना प्रत्येक वळण एकदा डोळ्यांखालून गेलेलं असतं. फेऱ्यात उतरणीची सगळी वाट नवी असते, तीही थकलेल्या डोक्यानं बघायची. म्हणून अवघड वाट आधी आणि मळलेली वाट नंतर, हा क्रम दुहेरी फायद्याचा.

पावसाळ्यात शिडी घाट का नको

सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला. त्यामुळे डोंगराचं अंग पायऱ्यापायऱ्यांचं असतं: उभा कडा, मग आडवा पदर, मग पुन्हा कडा. पाणी या पायऱ्यांवरून धबधबे घेत उतरतं. शिडी घाट नेमका अशा कड्यातून चढतो. जूनच्या मध्यापासून कातळावर शेवाळ धरतं, ते पाऊस थांबल्यावरही आठवडे टिकतं. ओलं शेवाळ बुटाच्या कुठल्याही तळव्याला जुमानत नाही, मग बूट दोन हजारांचा असो की बारा हजारांचा. वरून ओढ्याबरोबर दगड येतात. त्यातच सुटीच्या दिवशी एका शिडीखाली पन्नास माणसं रांगेत उभी असतात. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्या रांगेतच येणार.

दुसरी गोष्ट दरडीची. या डोंगरांच्या दोन्ही अंगांना ती घडलेली आहे: वरच्या पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं, आणि रायगडमध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. दोन्ही वेळा आधी दिवसेंदिवस पाऊस कोसळत होता. म्हणून नुसता त्या दिवसाचा अंदाज बघून भागत नाही. आधीच्या तीन-चार दिवसांत किती पडला तेही बघा. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर म्हणजे अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. रायगड किंवा पुणे घाटमाथ्याला नारंगी किंवा लाल इशारा असेल तर गणेश घाटही रद्द. पिवळा असेल आणि आधीचे दिवसही धो धो गेलेले असतील, तरी रद्द.

पावसाळ्यात कर्जतच्या बाजूचे धबधबे आणि काही वाटा यांच्यावर प्रशासन मनाई आदेश काढतं. निघण्याच्या आदल्या दिवशी वनखात्याकडे किंवा खांडसच्या गावकऱ्यांकडे चौकशी करा. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका. शिड्यांची स्थिती दर पावसानंतर बदलते. वरचा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं आहे. सूर्यास्तानंतर रानात फिरायला परवानगी नसते. म्हणजे ‘नाइट ट्रेक’ हा पर्याय मुळातच नाही.

वेळेचं गणित

थंडीतला बेत घेऊ. डिसेंबरच्या शेवटी सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त सहाला. खांडसहून पावणेसातला पाऊल उचलायचं, म्हणजे गाडीतून उतरून बुटांचे बंद बांधायला सुरुवात नव्हे. साडेसातला पूल. नऊ-साडेनऊपर्यंत शिड्या मागे पडायला हव्यात. साडेदहाच्या सुमारास पदरवाडी. इथं घड्याळ बघायचं. अकराच्या आत पोचलात आणि सगळ्यांचे पाय शाबूत असतील तर वर जा. अकरा वाजून गेले असतील तर चहा प्या, पदरावरच्या रानात तासभर हिंडा आणि गणेश घाटाला लागा.

वर गेलात तर साडेबारापर्यंत देवळापाशी. बाराही ज्योतिर्लिंगांच्या देवळांत होते तशी इथंही गर्दी होते. शनिवार-रविवारी, सोमवारी, श्रावणात दर्शनाची रांग तासन् तास चालते. ही रांग वेळेच्या हिशेबात कुणीच धरत नाही. बाहेरून नमस्कार करून सव्वाला उतरायला लागा. अडीचला पदरवाडी, चारला गणपतीचं देऊळ, सव्वापाच-साडेपाचला खांडस. उजेड संपायला अर्धा-पाऊण तास उरतो, आणि एवढीच तुमची शिल्लक. कुणाचा घोटा मुरगळला तर ती पुरत नाही. म्हणून विजेरी सगळ्यांकडे हवी, डोक्याला बांधायची. मोबाइलचा दिवा हात अडकवतो आणि ज्या फोनवरून मदत मागायची त्याचीच बॅटरी खातो.

आणखी एक सापळा. गाडी खांडसला उभी असते, म्हणून थकलेली, आजारी पडलेली माणसंही चार वाजता देवळापासून खाली उतरायला निघतात. वर एसटी आहे. मंचरमार्गे पुण्याकडे जाता येतं. गाडी आणायला दुसऱ्या दिवशी कुणी एकानं जावं. हजार-दोन हजारांचा भुर्दंड पडेल, पडू द्या. गाडीच्या चालकाला खांडसमध्ये बसवून ठेवलं असेल तर त्याला हा पर्याय आधीच सांगून ठेवा आणि कितीपर्यंत वाट बघून गावकऱ्यांना उठवायचं तेही.

शिड्या आणि कातळटप्पे

कोरड्या ऋतूतही इथं शिस्त लागते. एका शिडीवर एकाच वेळी एकच माणूस. दुसऱ्यानं शिडीच्या थेट खाली उभं राहायचं नाही, बाजूला कड्याला चिकटून थांबायचं. सॅकचे पट्टे आवळलेले, बाहेर काहीही लोंबतं नको: ना बाटली, ना चटई, ना कॅमेऱ्याचा पट्टा. काठ्या मिटवून सॅकमध्ये. हातातल्या अंगठ्या काढून ठेवा. पाय सटकला तर अंगठी लोखंडात अडकून बोट सोलते.

चढताना दोन हात आणि दोन पाय यांतलं एकच हलवायचं, बाकी तीन टेकलेले. वजन पायांवर ठेवा, हात नुसते तोल सांभाळायला. घाबरलेला माणूस हातांनी स्वतःला ओढत चढतो आणि मधल्या टप्प्यावर त्याच्या मुठी सुटायला लागतात. पायरीवर पाऊल मधोमध न टेकवता दांड्याच्या जवळ टेकवा, जोडकाम तिथं असतं. प्रत्येक पायरीवर पूर्ण भार देण्याआधी थोडा भार देऊन बघा. गंजलेली पायरी आधी कुरकुरते. शिडी डोंगराला कुठं बांधली आहे ते पहिल्या माणसानं बघून घ्यावं. हलत असेल, खुंटी उपटलेली असेल, तर तिथूनच मागे. मुळाला किंवा वेलीला धरून बाजूनं चढायचा प्रकार करू नका.

शिड्यांपेक्षा त्यांच्या मधले आडवे कातळटप्पे जास्त फसवे आहेत. शिडी धोक्याची दिसते म्हणून माणूस जपतो; आडव्या टप्प्यावर पाऊलभर जागा असते म्हणून गप्पा सुरू होतात. तिथं तोंड कातळाकडे, पोट कातळापासून थोडं सुटं, नजर पुढच्या पावलावर. पोट चिकटवलं की पाय बाहेर सरकतात. आधाराचा प्रत्येक दगड आधी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तो धरायचा नाही.

दोराचं काय? नुसता दोर झाडाला बांधून ‘धरायला’ सोडला तर तो सुरक्षेचा नाही, फक्त धीराचा. पडणारा माणूस दोर हातात धरून ठेवू शकत नाही. मुलगी बरोबर असेल तर तिला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), वरून बिले देणारा, म्हणजे तिला बांधलेला दोर सांभाळणारा प्रशिक्षित माणूस आणि पक्का आधार, हे तिन्ही हवं. गटात असं कुणी नसेल तर तुमच्यासाठी सरळ निष्कर्ष असा: मुलगी आणि एक मोठं माणूस गणेश घाटानं चढतील, बाकीचे शिडी घाटानं, भेट पदरवाडीला. त्यात कमीपणा नाही. जंगल गणेश घाटावरच जास्त शांतपणे बघता येतं. शेकरूची घरटी उंच झाडांच्या शेंड्यांत, काटक्यांच्या गोळ्यांसारखी दिसतात आणि शिडीला लटकताना ती कुणाला दिसलेली नाहीत.

वाट चुकणं

पदरावर वाटा फुटतात. काही पदरगडाकडे जातात, काही लाकूडफाट्याच्या आणि ढोरांच्या. ढोरवाट सुरुवातीला मुख्य वाटेपेक्षाही रुंद असते, म्हणून फसवते. ओळखायच्या खुणा अशा: थोड्या अंतरावर ती तीन-चार फाट्यांत विरते, कारवी दोन्ही बाजूंनी खांद्याला घासू लागते, जमिनीवर बुटांचे ठसे संपून नुसते खुरांचे उरतात. आणि सांगायला वाईट वाटतं, पण वेफर्सची पाकिटं दिसेनाशी होतात. मुख्य वाटेवर दगडांवर बाण रंगवलेले किंवा दगडावर दगड रचलेले असतात. दहा मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत. ‘पुढे मिळेलच वाट’ म्हणून तिरकं तोडत जाणं नको.

एक नियम मात्र बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा: वाट चुकली म्हणून ओढ्याच्या पात्रातून खाली उतरू नका. ‘पाण्याच्या मागे गेलं की गाव लागतं’ हे सपाटीवर ठीक आहे. इथं प्रत्येक ओढा कुठल्या ना कुठल्या कड्यावरून उडी घेतो. दोन छोटे टप्पे उतरून जाता, ते परत चढता येत नाहीत, आणि पुढे शंभर फुटांची धार असते. वर जाता येत नाही, खाली उतरता येत नाही अशी कोंडी होते. चुकल्याची खात्री झाली तर वर, मोकळ्या जागेकडे सरका.

वाटेचा ट्रॅक घरून फोनमध्ये उतरवून घ्या, दोन फोनांत. चालताना फोन विमान मोडवर. जीपीएस त्यातही चालतं. दाट झाडीत आणि कड्याच्या कुशीत जागा पन्नास मीटर इकडेतिकडे दिसू शकते, त्यामुळे पडद्यावरच्या रेषेवर डोळे मिटून विसंबू नका. पदरवाडीत गणेश घाटाची सुरुवात माणसाला विचारून पक्की करा. प्रश्न ‘ही वाट गणपतीच्या देवळाकडे जाते का’ असा न विचारता ‘गणपतीच्या देवळाकडे वाट कुठली’ असा विचारा. पहिल्या प्रश्नाला पाहुण्याचं मन राखायला ‘हो’ म्हणणारे असतात.

गटात पुढचा एक आणि शेवटचा एक आधी ठरलेले हवेत. शेवटच्या गड्याच्या मागे कुणी राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं. पुढचे थांबतात, मागचे धापा टाकत पोचतात आणि लगेच पुढचे निघतात, हे नेहमीचं. मागच्यांना विश्रांती कधीच मिळत नाही आणि घोटा मुरगळतो तो त्यांचाच. शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटं मोजून थांबा.

ओढे

पावसाळ्यात गणेश घाटानं जाताना ओढे ओलांडावे लागतात. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल तर ओलांडायचं नाही. थांबायचं. या ओढ्यांचं पाणलोट छोटं असतं. ते झटकन चढतात तसे पाऊस उघडला की तास-दोन तासांत उतरतातही. पाणी अचानक गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, वरच्या अंगाला घरघर वाढणं, यांतलं एकही दिसलं की पात्रातून ताबडतोब बाहेर. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी माथ्यावर पाऊस पडत असू शकतो.

ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. पडलात तर सॅक काढता आली पाहिजे. बूट पायातच ठेवा. धबधब्याच्या तोंडाच्या वरून कधीही ओलांडू नका, फोटोसाठी तर नाहीच.

पाणी, खाणं, औषधं

थंडीत माणशी तीन लिटर पाणी, मार्चनंतर चार ते पाच. मार्च-मे मात्र मी हा फेरा सुचवत नाही. कोकणाकडचं अंग दुपारी तापतं आणि शिड्यांचं लोखंड हाताला चटका देतं. झऱ्याचं पाणी घ्यावं लागलंच तर क्लोरिनची गोळी टाकून, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ थांबून. घामानं मीठही जातं, म्हणून नुसतं पाणी पीत राहणं पुरत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवायची, अर्ध्या बाटलीत कडक करून नव्हे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पायात गोळे येणं ही पहिली सूचना. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा: सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा आणि मदतीला फोन.

खाणं दर दीड तासानं थोडं थोडं: गूळ-शेंगदाणे, खजूर, तिखटमिठाच्या पुऱ्या. सॅक सहा किलोच्या आत ठेवा. बँडेज, घोट्याला बांधायची चार इंची क्रेप पट्टी, जंतुनाशक, पॅरासिटामॉल, प्रत्येकाची नेहमीची औषधं. पन्नाशीच्या दोघांनी रक्तदाब आणि साखर आधी तपासून घ्यावी आणि त्याआधीचे चार-पाच आठवडे जिने चढावेत. उतरणीत गुडघे भरून येतात ते मांडीच्या पुढच्या स्नायूंना सवय नसल्यामुळे. सपाटीवर चालून ती सवय होत नाही. उतरताना दोन काठ्या घेतल्या तर गुडघ्यांचा भार खरोखर हलका होतो.

मोहोळ, साप, जळवा

बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, पण दिवसा बोलत जाणाऱ्या गटाला तो टाळतो. आग्यामोहोळ जास्त गांभीर्यानं घ्या. कड्याच्या छपराखाली ती पोळी लटकतात. उग्र अत्तर, धूर, मोठ्यानं गाणी, दगड मारणं, या गोष्टींनी ती उठतात. माश्या उठल्या तर हात न झाडता, तोंड-डोकं कापडानं झाकून शक्य तितक्या लवकर दूर जायचं. एका जागी बसून राहिलात तर डंख वाढत जातात. काटे ताबडतोब काढा, नखानं खरवडून किंवा ओढून कसेही. उशीर झाला की विष आत जात राहतं. ओठ-जीभ सुजली, श्वास अडखळला, तर वेळ न घालवता दवाखाना. आधी कधी माशीच्या डंखानं अंगभर गांधी आलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारूनच यावं.

सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडचं प्रतिविष चालतं. झाडीत हिरवा चापडाही असतो. त्याच्या दंशानं सूज आणि वेदना खूप होतात, प्रतिविष त्यासाठी बनलेलं नाही, पण जीव जाणं विरळा. साप ओळखत बसू नका. चिरा देणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं, सगळं टाळा. अंगठी, कडं, पैंजण काढा, अवयव फांदीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे हलवा. टाळायचं कसं ते सोपं: कातळावर हात टाकण्याआधी खाच बघा, आडवं लाकूड ओलांडताना त्यावर पाय ठेवून पलीकडे बघून मग उतरा.

जळवांनी फक्त रक्त थोडं जास्त वेळ वाहतं. मोज्यांवर मीठ चोळलं की बऱ्यापैकी बचाव होतो.

मदत लागली तर

रेंज तुकड्यातुकड्यांनी मिळते. पदराच्या कोकणाकडच्या मोकळ्या कडेला ती सहसा सापडते. ११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका, वनखात्यासाठी १९२६. डोंगरातल्या अपघातासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक ७६२०२३०२३१ फोनमध्ये आधीच टाकून ठेवा. सांगताना क्रम असा: कुठे (शिडी घाट की गणेश घाट, कशाच्या वर किंवा खाली, जमलं तर अक्षांश-रेखांश), काय झालं, किती माणसं, फोनमध्ये किती बॅटरी. खालचं खांडस रायगडमध्ये आणि वरचं देऊळ पुणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे ‘भीमाशंकरला आहोत’ एवढंच सांगितलं तर मदत डोंगराच्या चुकीच्या बाजूनं निघू शकते.

अशा वाटेवर एका माणसाला उचलून खाली आणायला आलटूनपालटून आठ-दहा माणसं लागतात. सहा जणांचा गट ते करू शकत नाही, प्रयत्नही करू नये. जखमीजवळ दोघं थांबावेत, दोघांनी जवळच्या वाडीवर जावं, एकट्यानं नाही. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. जखमीला जमिनीपासून वेगळं करा, खाली सॅक किंवा चटई घाला. ओल्या जमिनीवर पडून राहिलेला माणूस ऑगस्टमध्येही कुडकुडतो. त्यासाठी प्रत्येकाकडे एक कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असावा.

परतल्यावर त्याच संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, मोज्याच्या रेषेखाली नीट बघा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, मेणबत्ती नको. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, सणकून डोकेदुखी किंवा अंगावर काळी खपली आली, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याची तारीख आणि ओढे ओलांडल्याचं आवर्जून सांगा. स्क्रब टायफस (झाडीतल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं येणारा ताप) आणि लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) हे दोन्ही वेळेत लक्षात आले तर साध्या प्रतिजैविकांनी बरे होतात. पण तुम्ही सांगितलं नाही, तर पावसाळी तापात डॉक्टर आधी डेंगी आणि मलेरियाच शोधत बसतात.